बॅटरी धरणारा माणूस

विहिरीवरची मोटार पावसाळ्यात बंद पडल्याचं आमच्या शिवारात कुणी ऐकलेलं नाही. कांद्याची लागण उरकली, रोपांनी माना टाकायला सुरुवात केली, की मगच तिची तब्येत बिघडते. त्यात शेतीची लाइट पाळीची. कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. आमची मोटार रात्रपाळीतच आजारी पडते.

सातबारा माझ्या नावावर आहे, पण दुरुस्तीच्या जागी माझं काम एकच : बॅटरी धरणे. शेजारचे तात्या पाना फिरवतात, मी उजेड पाडतो. तोही धड पडत नाही. "मास्तर, बोल्ट हितं हाय. तुम्ही चिंचंला काय दाखवताय?"

मी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे बिघाड दिसला की माझ्या तोंडून आधी तत्त्व बाहेर पडतं. एकदा मोटार फिरत होती, पण पाइपातून थेंब येईना. मी सांगितलं, "सक्शनमध्ये हवा शिरलीय. हवेचा दाब पाण्याला जास्तीत जास्त दहा मीटर वर चढवतो, प्रत्यक्षात सहा-सात मीटरच धरायचे." तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फुटबॉल गळतोय. शेण आणा." फुटबॉल म्हणजे सक्शन पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह. मग त्यांनी बादलीत शेणकाला कालवला, पंपाच्या तोंडातून आत ओतला, वर पाणी भरलं आणि स्टार्टर दाबला. आधी हिरवट गुळणी आली, मग पांढरीशुभ्र धार. तत्त्व माझं बरोबर होतं, पण पाणी शेणानं काढलं.

रात्री उठायला नको म्हणून मी स्टार्टरला ऑटो बसवून घेतला. लाइट आली की मोटार आपोआप चालू, मी अंथरुणात. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मात्र सारखा ट्रिप व्हायचा. ती कटकट मी हुशारीने मिटवली : त्याचा आकडा पार टोकाला नेऊन ठेवला. पुढे एका रात्री डीपीवर एक फेज गेला. राहिलेल्या दोन फेजवर मोटार जागच्या जागी घुमत राहिली. अशा वेळी वाइंडिंगमधून कितीतरी जास्त करंट जातो आणि रिले असतो तो नेमका तेव्हा तोडण्यासाठीच. सकाळी विहिरीवर गेलो तर जळक्या व्हार्निशचा वास बांधापर्यंत आलेला. तात्यांनी स्टार्टर उघडला, रिलेच्या काट्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

तालुक्याच्या वाइंडरने मोटार उघडली. तांब्याची वेटोळी कोळशासारखी काळी पडली होती. मी फिरत्या चुंबकीय क्षेत्राविषयी बोलू लागलो, तेव्हा तो अदबीने म्हणाला, "सर, रिकामे आहात ना? जरा हा बल्ब धरा." तालुक्याच्या ठिकाणीही माझं पद कळलेलं होतं. मोटार कधी मिळेल विचारलं, तर म्हणाला, "उद्या संध्याकाळी." ही उद्याची संध्याकाळ पंचांगात सापडत नाही. तोवर रोपांना तात्यांच्या विहिरीचं पाणी दिलं. तेव्हाही बॅटरी मीच धरली.

मोटार परत आल्यावर तारा मी स्वतः जोडल्या. आवाज सुरेख, धार करंगळीएवढी. मी पुन्हा हवेच्या दाबाकडे वळणार, तोच तात्यांनी मेन पाडला, तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली आणि मेन टाकला. पंप उलटा फिरत होता, तो सुलटा झाला. कोणत्याही दोन फेजची अदलाबदल केली की मोटारीची दिशा बदलते, हे मला ठाऊक होतं. फक्त ते विहिरीवर आठवायला हवं होतं.

शेत घ्यायला निघालेल्या मंडळींना माझं सांगणं आहे. रिलेचा आकडा मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरशी जुळवून घ्या आणि पुन्हा त्याला हात लावू नका. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा, तो एका रिवाइंडिंगपेक्षा स्वस्त पडतो. आणि सातबारा, पाणी, रस्ता बघण्याआधी शेजारी बघा. त्याच्याकडे पान्यांचा पूर्ण सेट असेल तरच इसार द्या. बॅटरी तुमची तुम्ही न्या.