मिटवामिटवी

मराठीत भांडणाला आणि घडीच्या चाकूला एकच शब्दसंग्रह पुरतो. दोन्हीकडे आधी खटका उडतो, मग धार दिसते आणि जवळपास कोणी शहाणं माणूस असेल तर प्रकरण मिटतं. फरक एवढाच, की भांडणात मिटवणाऱ्याला मान असतो आणि चाकूच्या बाबतीत सगळा मान उघडणाऱ्याला. हिंदी चित्रपटातल्या खलनायकाने रामपुरी उघडल्याचा तो आवाज आपल्याला तोंडपाठ आहे. पण काम झाल्यावर तोच चाकू बोटं सांभाळून मिटून त्याने खिशात ठेवलेला कोणाला आठवतो? खुद्द रामपूरने 2023 साली आपल्या कीर्तीचं स्मारक म्हणून चौकात सुमारे 20 फुटी चाकू उभा केला, तोही उघडाच. बटणाच्या छत्रीची गोष्ट वेगळी नाही. उघडायला एक अंगठा पुरतो. मिटायला दोन हात, छाती आणि अधूनमधून शेजाऱ्याची बरगडी लागते. माझं म्हणणं असं, की चाकूची पारख तो मिटताना करावी. आणि ती केली, तर आपल्या खटक्याच्या ताकदीची जाहिरात करणारे बरेच चाकू जरा ओशाळतील.

ज्याला मुळात खटकाच नाही अशा चाकूपासून सुरुवात करू. कार्ल एल्सनर या स्विस कारागिराने 1891 पासून आपल्या देशाच्या सैनिकांना चाकू पुरवले आणि 1897 मध्ये अधिकाऱ्यांसाठी वेगळा चाकू काढला. त्यात बाटलीचं बूच उपसायचा स्क्रू होता. सैनिकाच्या चाकूत तो नव्हता; कोणत्या हुद्द्याला कशाची तहान लागते हे सैन्याला नक्की ठाऊक असतं. पण त्या चाकूची खरी करामत स्प्रिंगमध्ये होती. एकाच पट्टीवर मुठीच्या दोन्ही अंगांची हत्यारं पोसलेली होती. ही पोलादी पट्टी पात्याच्या बुंध्यावर कायम दाब देऊन बसते. बुंध्याला सपाट बाजू असतात आणि त्यांच्यामध्ये कोपरा असतो. सपाट बाजू पट्टीखाली आली की पातं स्थिरावतं. कोपरा आला की पट्टी कुरकुरत वर उचलली जाते आणि कोपरा ओलांडला की टक्क करून पुन्हा बसते. उघडतानाही हेच, मिटतानाही हेच. म्हणजे उघडं पातं कशातही अडकलेलं नसतं, त्याची फक्त समजूत घातलेली असते.

नुसत्या समजुतीवर धारदार हत्यार कसं सोपवायचं, हा आक्षेप रास्त वाटतो. त्याचं उत्तर जुन्या स्वयंपाकघरातली घडीची विळी देते. तिचं पातं पाटावर आडवं मिटतं, त्याला कुलूप नसतं, तरी भोपळा चिरताना ते कधी आपल्या अंगावर आडवं होत नाही. कारण चिरताना आपण भोपळा पात्यावर रेटतो आणि पातं ज्या दिशेने मिटतं त्याच्या उलट बाजूला जोर पडतो. खिशातल्या चाकूचंही तसंच. धार खाली करून कापलं की फळ पात्याला वर ढकलतं, म्हणजे आणखी उघडू पाहतं. कापण्याचं काम स्वतःच पात्याला उघडं धरून ठेवतं. पातं मिटतं ते आपण टोकाने भोसकायला, पाठीने ठोकायला किंवा डब्याचं झाकण उचकटायला गेलो की. थोडक्यात, बिनखटक्याचा चाकू चाकूच्या कामापुरता सुरक्षित असतो. पटाशी, हातोडी आणि पहार यांचा प्रभारी कार्यभार मात्र तो स्वीकारत नाही. सरकारी कार्यालयात इतकं स्पष्ट बोलणारा कर्मचारी सापडणं कठीण.

तरीही माणूस डबा उचकटणारच, आणि बोटं त्याचीच असतात. म्हणून खटके आले. त्यांतला पाठीवरचा खटका 1964 साली बक कंपनीच्या 110 क्रमांकाच्या चाकूने घराघरांत नेला, निदान अमेरिकेतल्या. मुठीच्या पाठीला एक दांडी असते, तिचा दात बुंध्याच्या खाचेत पडतो. मागचं टोक दाबलं की सी-सॉसारखं पुढचं टोक वर येतं आणि पातं सुटतं. भक्कम व्यवस्था. पण मूठ जोरात आवळली तर तळहातच ते मागचं टोक दाबायचा, म्हणजे जिथे जोर हवा तिथेच खटका राजीनामा द्यायचा. म्हणून पुढे काही चाकूंच्या दांडीवर एक खळगा कोरला गेला, कारण पोकळीवर दाब पडत नाही. दुसरी जात आतल्या पत्र्याच्या खटक्याची. तिचं पेटंट 1906 सालचं, पण आजचं रूप मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दिलं. मुठीच्या आतला पत्रा चिरून त्याची जीभ आत वाकवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ती सरकून बुंध्याच्या मागे टेकण देते. इथपर्यंत सगळं सुरेख. आता मिटायचं. जीभ बाजूला सारायला अंगठा मुठीच्या खाचेत घालावा लागतो, आणि पातं मिटायला येतं नेमकं त्याच खाचेत. बोट वाचवण्यासाठी केलेली ही योजना शेवटी बोटालाच पात्याच्या वाटेत उभं करते. आमच्या संस्थांमध्ये चौकशी समितीही साधारण याच तत्त्वावर नेमतात.

यावर जाणकार म्हणतील, की स्विस सैन्यानेच 2008 साली खटक्याचा चाकू स्वीकारला, मग तुमच्या समजुतीचं काय राहिलं? राहिलं ते असं, की 1891 पासून तोवर 117 वर्षं त्या सैन्याने पात्याच्या खटक्याविना काढली. आणि 2008 चं पातं एका हाताने उघडायचं आहे. दोन्ही हात मोकळे असलेला माणूस चाकूशी सबुरीने वागतो. एक हात दोरीला लटकलेला असेल तर सबुरी कुठून आणणार? तिथे खटका हवाच. सफरचंद कापणाऱ्याला तो हवा का, एवढाच माझा प्रश्न आहे. इंग्रजांच्या कायद्याने तर याच्याही पुढे जाऊन गंमत केली. तिथल्या 1988 च्या कायद्याप्रमाणे 3 इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू खिशात ठेवायला कारण सांगावं लागत नाही. पण खटक्याने पक्का होणारा चाकू घडीचा मानायचाच नाही, असं न्यायालयाने ठरवलं. जो कधीही नुसता मिटवून मिटतो तोच घडीचा. खटका मालकाच्या बोटाची काळजी घेतो, आणि नेमक्या त्याच गुणावर कायदा त्याला हत्यारांच्या रांगेत बसवतो. शेजाऱ्याच्या दृष्टीने विचार केला तर कायदा चुकलेला नाही. भोसकायला जाणाऱ्याच्या हातात समजूत घातलेलं पातं असणं समाजाच्या हिताचंच आहे.

मग उघडणाऱ्याला पक्कं आणि मिटणाऱ्यालाही सोयीचं असं काहीच नाही का? आहे, आणि ते इतकं साधं आहे की यंत्रविद्येला लाज वाटावी. फ्रान्सच्या सावोई भागात 1890 साली जोसेफ ओपिनेलने लाकडी मुठीचा चाकू केला आणि 1955 साली मार्सेल ओपिनेलने त्याच्या गळ्यात फिरती कडी घातली. कडी फिरवली की तिची फट पात्याच्या वाटेवरून हटते आणि पात्याला मिटायला जागाच उरत नाही. उलट फिरवली की रस्ता मोकळा. हे करताना बोटं पात्याच्या वाटेत कुठेच येत नाहीत. 2000 सालापासून तर मिटलेलं पातंही त्याच कडीने बंद करता येतं, म्हणजे खिशात आपोआप उघडायची सोय नाही. तक्रार एकच: लाकूड पाणी पितं. मूठ ओली झाली की फुगून पात्याला आवळते, आणि मग सावोईतले लोक मुठीचं बूड टेबलावर ठोकून पातं बाहेर काढतात. कोकणात आषाढात फुगलेल्या दाराला खांदा देणाऱ्यांना ही रीत शिकवायला नको. तिथे हा चाकू चार महिने खटका उडवणार नाही की मिटवायलाही लागणार नाही.