आधी जुनं काढा

क्रोमची बीटा आवृत्ती अँड्रॉइड फोनवर मूळ क्रोमच्या शेजारी, वेगळं चिन्ह लावून बसते. बिघडली तर काढून टाका. जुनी जागेवर असतेच. ब्राउझर वापरणाऱ्याची केवढी ही काळजी! सातबाऱ्यावर पीक चढवणाऱ्याला एवढे लाड नाहीत. महसूल खात्याचं ई-पीक पाहणीचं ॲप १५ ऑगस्ट २०२१ ला आलं. पुढच्या ऑगस्टमध्ये ‘व्हर्जन २’ आलं, सोबत सूचना : आधीचं काढा. म्हणजे पारनेरच्या माळावर बाजरीत उभं राहून, रेंजची एक काडी शोधत, चालतं ते पुसायचं आणि चाललं तर चालेल ते उतरवायचं.

नव्यात एक सोय मात्र खरी. शेतकऱ्याला स्वतःची नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येते. ॲपला दुरुस्त व्हायला अख्खा हंगाम आहेच.

नगरकरांना गाऱ्हाणं न्यायलाही लांब जावं लागलं नाही. पहिल्या आवृत्तीला महसूलमंत्री संगमनेरचे बाळासाहेब थोरात. दुसरी आली त्याच महिन्यात खातं लोणीच्या राधाकृष्ण विखे पाटलांकडे गेलं. गावं तशी शेजारशेजारची, पण या दोन आवृत्त्या एकाच फोनवर चालवून बघायचं धाडस जिल्ह्यात कुणी करत नाही.