उबुंटू, आर्सेनल आणि गुरुवारची गर्दी

२० ऑक्टोबर २००४ ला उबुंटू लिनक्सची पहिली आवृत्ती आली. चारच दिवसांनी ओल्ड ट्रॅफर्डवर आर्सेनल २-० असं हरलं आणि लीगमध्ये सलग ४९ सामने अपराजित राहण्याचा त्यांचा विक्रम तिथेच थांबला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण शिर्डीत नगर-मनमाड रस्त्यापासून जरा आत लॉज चालवणाऱ्या एका गृहस्थांचा दोन्हींवर त्याच सुमारास जीव जडला. तेव्हापासून ते "पुढच्या वर्षी बघाच" म्हणाले, की हे संगणकाबद्दल आहे की फुटबॉलबद्दल, ते घरच्यांना विचारून घ्यावं लागतं.

गावात त्यांना भाऊ म्हणतात. भाऊ कोल्हापुरात जन्मले असते तर पुढचं बरंच टळलं असतं. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ आहेत. पेठ ठरली की निष्ठा ठरते आणि शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडता येतं. शिर्डीच्या राहाता तालुक्यात अशी वडिलोपार्जित सोय नाही, म्हणून भाऊंनी थेट लंडन गाठलं. मुंबई सिटीने २०२१ आणि २०२४ मध्ये आयएसएल जिंकली तेव्हा त्यांनी पेढे वाटले, नाही असं नाही. पण जिंकणाऱ्या संघात त्यांचं मन फार रमत नाही. आर्सेनल २०२३, २०२४ आणि २०२५ असं लागोपाठ तीन वर्षं दुसरं आलं. भाऊंच्या स्वभावाला मानवतो तो हा प्रकार.

उबुंटूची सीडी त्या काळी मागेल त्याला टपालाने फुकट घरपोच यायची. २०११ मध्ये ही सोय बंद झाली, तोवर भाऊंनी निम्म्या गल्लीला सीड्या वाटल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच पुढे शेतात पाखरं हाकलण्याच्या कामी आल्या. उबुंटूच्या दोषनोंदवहीतला पहिल्या क्रमांकाचा दोष, 'बाजारात बहुसंख्य वाटा मायक्रोसॉफ्टचा आहे' हा, खुद्द संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी नोंदवला होता. २०१३ मध्ये त्यांनीच तो बंद केला. कारण काय, तर लोक फोनवर गेले. स्टॅटकाउंटरच्या मोजणीत फेब्रुवारी २०२४ मध्ये जगभरच्या डेस्कटॉपांत लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच चार टक्क्यांवर गेला, तेव्हा भाऊंनी काउंटरवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही बातमी सांगितली. गिऱ्हाइकांनी गरम पाणी किती वाजता येतं ते विचारलं.

त्या गरम पाण्याच्या पाटीचीही एक कथा आहे. लॉजच्या सगळ्या जुन्या पाट्या आणि दरपत्रकं श्रीलिपीत टाइप केलेली. या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की 'गरम पाणी सकाळी ५ ते ८' या ओळीच्या जागी कंस, टोप्या आणि डॉलरची चिन्हं दिसतात. गंमत म्हणजे श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, आणि लिनक्सवर वर्षानुवर्षं भारतीय लिप्या दाखवणारे, रेड हॅटने खुले केलेले लोहित फॉन्टही मुळात त्यांच्याकडूनच आलेले. एकाच घरातले दोघे, पण एकमेकांची ओळख देत नाहीत. भाऊंनी अख्खं दरपत्रक युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं. छापायला गेले, तर प्रिंटरने कोरा कागद काढला. मग स्केचपेन आणलं.

पण खरी कसोटी सामन्याच्या रात्री लागते. चित्रपट आणि सामने दाखवणारी बरीचशी अ‍ॅपं नक्कल टाळण्यासाठी चित्र कुलूपबंद पाठवतात. त्या कुलपाची भारी प्रत लिनक्सवरच्या ब्राउझरांना मिळत नाही, हलकीच मिळते. आणि हलक्या कुलपाला अनेक अ‍ॅपं धुरकट चित्रच देतात. त्याच आयडीवर शेजारचा पोरगा फोनवर खेळाडूच्या कपाळावरचा घाम पाहतो, आणि भाऊंना चेंडू कुठे आहे ते कॉमेंट्रीवरून ताडावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये आर्सेनलच्या डेक्लन राइसने रेआल माद्रिदला थेट फ्री किकवर दोन गोल मारले. असला गोल त्याच्या कारकिर्दीत त्याआधी एकही नव्हता. दोन्ही वेळा भाऊंना दिसलं ते एवढंच: राइस धावला, पडद्यावर चौकोनी ठिपके उसळले आणि जाळी हलली. "मामा, विंडोज टाकून देऊ का?" असं भाच्याने त्याच क्षणी विचारलं. भाऊ त्याच्याशी चार दिवस बोलले नाहीत.

लिनक्सपाठोपाठ भाऊंच्या डोक्यात शिरलेलं स्वतःच्या सर्व्हरचं खूळ मात्र अगदीच निराधार नाही. पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती परक्याच्या यंत्रावर का ठेवायच्या, हा भाऊंचा सवाल रास्त आहे. म्हणून जिन्याखालच्या जुन्या डबड्यावर त्यांनी नेक्स्टक्लाउड हे स्वतःच्या फाइली स्वतःकडेच ठेवण्याचं सॉफ्टवेअर बसवलं. मात्र जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात केव्हाच अपुरे पडलेत. आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच संपला, म्हणून पुष्कळ कंपन्या एकेक पत्ता शेकडो गिऱ्हाइकांत वाटून देतात. परिणामी भाऊ कोपरगावला गेले, की स्वतःच्याच सर्व्हरचं दार त्यांना उघडत नाही. त्यावर वायरगार्डचा बोगदा हा उपाय आहे. तो चालतोही, फक्त लॉजची लाईट गेलेली नसली पाहिजे.

आणि अपडेट! नेक्स्टक्लाउडमध्ये मोठी आवृत्ती ओलांडून पुढे उडी मारता येत नाही. दोन वर्षं हात लावला नाही, तर मधली प्रत्येक पायरी क्रमाने चढावी लागते. दर्शनबारीतही निदान ओळखीचा माणूस निघू शकतो, इथे तेही नाही. भाऊ हे काम हमखास रामनवमीच्या तोंडावर काढतात. मग सगळं 'देखभाल सुरू आहे' या एका ओळीवर अडकतं आणि घरातून आवाज येतो, "अहो, मुलांचे फोटो गुगलवरच राहू द्या, निदान सापडतात तरी."

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार थांबला, तो भाऊंचा विजयाचा दिवस. विंडोज ११ ला जुनी मशीनं चालेनात, तेव्हा शेजारचा पेढेवाला आपण होऊन आला. भाऊंनी रात्रीतून लिनक्स बसवून दिलं. सकाळी कळलं, की पेढ्यांचं बिलिंग फक्त विंडोजवर चालतं. दुपारपर्यंत विंडोज परत आलं होतं.

चॅम्पियन्स लीगचे बुधवारचे बहुतेक सामने भारतात गुरुवारी उजाडतात. हिवाळ्यात रात्री दीडला सुरू, साडेतीनच्या आसपास संपतात. गुरुवार म्हणजे साईबाबांचा वार, शिर्डीतली आठवड्यातली सगळ्यात मोठी गर्दी. भाऊंचा संघ हरून लॅपटॉप मिटेपर्यंत वरच्या मजल्यावरचे पाहुणे काकड आरतीसाठी बादल्या घेऊन खाली आलेले असतात. भिंतीवरच्या श्रद्धा-सबुरीच्या पाटीकडे बोट दाखवून त्यांच्यातला एखादा विनोद करतोच. भाऊंनी तो विनोद पुष्कळदा ऐकला आहे.

तेव्हा वाचकहो, त्या बाजूला बुधवारी उतरणार असाल तर खोली स्वच्छ मिळेल, पाणीही गरम असेल. बिल मात्र हाताने लिहिलेलं मिळेल, ते मुकाट्याने घ्या. प्रिंटरचं विचारू नका, आणि निकाल काय लागला हे तर मुळीच नको.