विषय क्रमांक ७

सप्टेंबर उजाडला की महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सेक्रेटरींचे रक्तदाब वाढतात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा उरकावी लागते. सभेसाठी लागणारे सगळे मिळते. माइक मिळतो, खुर्च्या मिळतात, बटाटेवडेही मिळतात. मिळत नाहीत ते सभासद.

नियम करणाऱ्यांना हे आधीच ठाऊक असावे. आदर्श उपविधी सांगतात की सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्या. दोन-तृतीयांश सभासद किंवा २०, यांतला जो आकडा लहान तो कोरम. म्हणजे २०० फ्लॅटांच्या सोसायटीतही २० डोकी पुरतात. तेवढीही अर्ध्या तासात जमली नाहीत तर सभा तहकूब करा, आणि नोटिशीत तशी सोय करून ठेवली असेल तर त्याच दिवशी थोड्या वेळाने पुन्हा भरवा. या दुसऱ्या सभेला कोरमची अटच नाही! रिकाम्या खुर्च्यांकडे अर्धा तास आदराने पाहत बसलात की लोकशाही पूर्ण. जुन्याजाणत्या सभासदांना हे पाठ असते. दहाची सभा ते साडेदहाचीच धरतात आणि पावणेअकराला ‘झाली का?’ म्हणून खिडकीतून विचारतात.

आमचे सेक्रेटरी मात्र हट्टाचे. नोकरी टपाल खात्यात झालेली, त्यामुळे देवानंतर त्यांची श्रद्धा पोचपावतीवर. त्यांनी आधी नोटीस वॉचमनच्या हाती घरोघर धाडली आणि वहीत सह्या घ्यायला लावल्या. सह्या शंभर टक्के झाल्या. वहीवरून पाहता, सोसायटीच्या कारभारात सर्वाधिक रस स्वयंपाकाच्या मावशींना आहे. त्यांनी एकट्यांनी पाच फ्लॅटांची नोटीस स्वीकारली.

मग व्हॉट्सॲप. सकाळी नोटिशीची पीडीएफ ग्रुपवर पडली. तिच्या मागोमाग उगवता सूर्य, सुविचार, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस आणि त्याला एकसष्ट केक. नोटीस दुपारपर्यंत इतकी वर सरकली की तिच्यासाठी लिफ्ट लागली असती. निळ्या खुणा २०१४च्या नोव्हेंबरात आल्या, आणि ‘मी पाहिलंच नाही’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. हुशार लोकांनी त्या बंद केल्या. पण त्या बंद होतात खाजगी गप्पांपुरत्या. ग्रुपवर मेसेज पाठवणाऱ्याला कोणी वाचले ते दिसतेच. सेक्रेटरींना हे भाच्याने शिकवले, तेव्हापासून ते रात्री अंथरुणात मेसेजवर बोट दाबून ‘वाचले’ची यादी वाचतात. पोच आहे, उत्तर नाही. आयुष्यभर टपालात काढलेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती?

त्यांनी मतदान टाकले: येणार, येणार नाही, बघतो. ‘बघतो’ प्रचंड बहुमताने निवडून आला.

ईमेलबद्दल न बोललेले बरे. इंटरकॉमवरून एवढेच कळले की आमच्या सोसायटीइतके स्वच्छ लोक पुण्यात कुठे नसतील. सकाळी आठला, दुपारी तीनला, रात्री नवाला, कधीही फोन करा, साहेब अंघोळीला गेलेले असतात.

माध्यम चुकतेय, असे ग्रुपवरच्या एका आयटीवाल्याने (इतर सोसायट्यांसारखे आमच्याकडेही ते विपुल आहेत) निदान केले आणि वेगळे ॲप घ्यावे असे सुचवले. त्या सूचनेला अठ्ठावीस अंगठे मिळाले. ॲप उतरवून घेतले तिघांनी, त्यांतले एक सेक्रेटरी स्वतः आणि दुसरा तो भाचा. मला विचाराल तर निदानच चुकले. मेंटेनन्सच्या बिलात पन्नास रुपये जास्त लागले तर ते बिल दाराखालून सरकवलेले असो की कबुतराने आणलेले, माणूस पाचव्या मिनिटाला ऑफिसात हजर असतो.

हे सेक्रेटरींनाही उमगले असावे. यंदाची नोटीस त्यांनी ग्रुपवर टाकलीच नाही. नियमाप्रमाणे कागद घरोघर गेला, मावशींनी सही केली, आणि एक प्रत जिन्याखालच्या काचेच्या फलकात लागली, गेल्या गणपतीतल्या रांगोळी स्पर्धेच्या निकालाशेजारी. हिशेब, लेखापरीक्षकाची नेमणूक, लिफ्टची दुरुस्ती वगैरे सहा विषय नेहमीचे. खाली एक ओळ नवी: ‘विषय क्रमांक ७: पार्किंगच्या जागांच्या फेरवाटपाबाबत विचार करणे.’

संध्याकाळपर्यंत फलकासमोर रांग. ज्यांचा फ्लॅट भाड्याने आहे ते हिंजवडीहून आले, ज्यांच्याकडे गाडी नाही ते घेणार असल्याचे सांगू लागले, आणि दुबईच्या सभासदाने मध्यरात्री फोन करून ऑनलाइन हजर राहता येईल का, अशी चौकशी केली. रविवारी दहाला पाच कमी असताना कोरम झाला. खुर्च्या कमी पडल्या, गच्चीवरून सतरंज्या आणाव्या लागल्या. सातव्या विषयाची घाई इतकी, की पहिले सहा विषय कुणी हिशेबाचे पान न उलटता, टाळ्यांच्या गजरात अकरा मिनिटांत मंजूर झाले. लिफ्टचा खर्चसुद्धा, जो तीन वर्षे ‘बघतो’मध्ये अडकला होता.

मग सेक्रेटरी उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “विषय क्रमांक ७. समितीने विचार केला. फेरवाटपाची गरज वाटत नाही. आहे तसंच राहील. कुणाला काही म्हणायचंय?”

मागच्या सतरंजीवरून एक काका तावातावाने उठले. “म्हणायचंय! एवढा महत्त्वाचा विषय होता, तर ग्रुपवर का नाही टाकला?”