तेवीस किलोवाले बाबा

ऑगस्ट लागला की पुण्यात एका विशिष्ट जातीचे बाबा दिसू लागतात. मुलगी मास्टर्ससाठी जर्मनीला निघालेली असते. तिचं हिवाळी सत्र सुरू होणार ऑक्टोबरात, यांचं सुरू होऊन महिना झालेला असतो. खिशात हुकाचा डिजिटल वजनकाटा. बॅग रिकामी असली तरी ते ती टांगून बघतात. बॅगेचं स्वतःचंच वजन साडेतीन किलो भरलं की त्या दिवशी जेवणावर लक्ष नसतं.

व्हिसासाठी जर्मन खात्यात वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच अडकवून ठेवावे लागतात. ते याच गृहस्थांनी मुकाट्याने पाठवलेले असतात. मात्र चारशे ग्रॅम गोड्या मसाल्यावरून घरात तासभर वाद चालतो.

नियम त्यांना तोंडपाठ. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा पेढे बाद, तूपही बाद. “तूप म्हणजे काय दूध आहे का?” असं आईने विचारलं की बाबा शांतपणे मोबाइलवरचा नियम पुढे करतात. आई तो न वाचता बरणी कणकेच्या डब्यामागे सरकवते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे पेट घेऊ शकतात, म्हणून त्यांनाही विमानात मज्जाव. अनारशांवर आक्षेप वेगळाच: विमान दुबईत बदलायचंय आणि तिथे खसखस हा अमली पदार्थ! आजींनी आयुष्यात ऐकलेला हा सर्वात मोठा अपमान असावा.

कुकरमध्ये मात्र बाबांची प्रतिभा दिसते. तीन लिटरच्या कुकरात पोहे, पोह्यांत शिट्टी, शिट्टीभोवती मोजे. पॉवर बँक तेवढी केबिनच्या पिशवीत, कारण सुट्या लिथियम बॅटऱ्या पोटातल्या सामानात चालत नाहीत. लोणच्याचं उलट, ते पोटातच.

थंडीबद्दल त्यांचं ज्ञान महाबळेश्वरपर्यंतचं. तरी चार स्वेटर, दोन थर्मल आणि माकडटोपी निघतेच. “बाबा, तिकडे घरात हीटर असतो रे, आणि जाड कोट तिकडेच चांगले मिळतात,” असं मुलीने कितीदा सांगितलं तरी उपयोग नाही. बाबा आनंदीबाई जोशींचा दाखला देतात: 1883 साली बोटीने अमेरिका गाठली, कडाक्याच्या थंडीत डॉक्टरकी शिकली! ही गोष्ट ते पदवीपाशीच संपवतात, पुढे जात नाहीत. ते बरंच आहे.

शेवटी सप्टेंबरच्या घामट रात्री मुंबई विमानतळावर मुलगी वजन वाचवायला गुडघ्यापर्यंतचा कोट घालून उभी असते. पुढे फक्त प्रवाशांना प्रवेश, म्हणून बाबा काचेबाहेर. पाच मिनिटांत आतून फोन येतो: चोवीस पूर्णांक तीन.

“घाबरू नकोस. उजव्या बुटात मेतकूट आहे, ते काढून कोटाच्या खिशात घाल. डाव्याला हात लावू नकोस.”

“डाव्यात काय आहे?”

बाबा आईकडे बघतात. आई पार्किंगचं तिकीट शोधू लागते.

परतीच्या वाटेवर, लोणावळ्याच्या आसपास, ते शेजाऱ्यांना मेसेज टाकतात. त्यांचा मुलगा जानेवारीत डब्लिनला जाणार आहे. वजनकाटा मोकळा झालाय, हवा तर घेऊन जा. आयर्लंडला प्लग चौकोनी पिनांचा लागतो. रविवारी सकाळी येऊ का?