कीलचे बोल्ट मागवून मिळतील

माझ्या साडूनं पणजीला जुनी शिडाची बोट घेतली आणि तांत्रिक सल्लागाराची जागा मी परस्पर भरून टाकली. देऊळगाव राजात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. नांगराचा, रोटाव्हेटरचा, कुलरचा, कुठलाही बोल्ट नुसता चाचपून मी माप सांगतो. अशा माणसाला समुद्राची ओळख असलीच पाहिजे, असं थोडंच आहे?

बोटीच्या तळाशी पाणी साचत होतं. मी ऐटीत विचारलं, "चव बघितली का, साडूभाऊ?" पलीकडे शांतता. "अहो, खारट असेल तर समुद्राचं. गोडं असेल तर पावसाचं, नाहीतर तुमच्याच टाकीचं." त्यानं बोट (हाताचं) बुडवून चाटलं. खारट! त्या दिवशी गल्ल्यावर मी नौदलप्रमुखाच्या थाटात बसलो होतो. उधारीवाल्यांनीसुद्धा वाकून नमस्कार केला.

अशा बोटीच्या पोटाखाली लोखंडाची किंवा शिशाची जड कील असते, बोल्टांनी धरलेली. शिडात वारा भरून बोट कलली की हेच वजन तिला सरळ करतं. पाणी त्याच जोडातून येतंय असं धरून साडू म्हणाला, "नट जरा आवळून टाकतो." इथं माझं डोकं फिरलं. दुकानात रोज हेच ऐकतो, "शेठ, मोठा पान्हा द्या, आवळून टाकतो." उघडून बघायची कुणाची तयारी नाही! बोल्ट आत कमरेत झिजला असेल तर आवळताना तुटून हातात येईल. आणि स्टेनलेस स्टीलच्या भरवशावर राहू नये. त्याच्या अंगावरचं पातळ कवच ऑक्सिजनवर जगतं. फटीत खारं पाणी कोंडलं, आतला ऑक्सिजन संपला, की ते तिथल्या तिथे पोखरलं जातं. वरचा नट मात्र चकचकीत! कुलरवाल्या गिऱ्हाइकांना मी हे सांगत नाही. कुलरला समुद्र लागत नाही.

आता डोलकाठी म्हणाल, तर त्यातलं आम्हाला शिकवू नका. आमच्या बालाजी महाराजांच्या यात्रेत लाटा उभ्या राहतात. भल्याथोरल्या लाकडी लाटा, दोरांनी चहूबाजूंनी ताणून धरलेल्या, आणि दोरांना माणसंच माणसं. मी कडेला उभा राहून "डावीकडून घ्या, डावीकडून!" असं ओरडतो. कुणी ऐकत नाही, पण लाट उभी राहते, आणि तिचं श्रेय मी घरी येईपर्यंत माझ्याकडे ठेवतो. गर्दीत सगळ्यांच्या माना वर असतात. एक म्हातारबा मात्र कधीच वर बघत नाहीत. टाचा मातीत रोवून, दोराचा एक वेढा मनगटाला घेऊन, ते आपल्या हातातल्या ताणाकडे बघत असतात. लाट किंचित झुकली की सगळ्यांच्या आधी त्यांची बोटं आवळतात. त्यांचा फोटो काढलेला मी पाहिला नाही. कुणी त्यांना जरा बाजूला व्हा म्हटलं की मला फार राग येतो, आणि मी नेमका तेव्हाच ओरडत नाही.

तर परत कीलकडे येतो. मे 2014 मध्ये 'चिकी रफिकी' नावाची ब्रिटिश बोट अँटिग्वाहून परतत होती. अटलांटिकच्या मध्यावर तिची कील निखळली. चौघं गेले, एकही सापडला नाही. ती बोट याआधी तळाला आपटली होती, दुरुस्त झाली होती, आणि त्यातच तो जोड कमजोर झाला असावा, असं तपासात निघालं. हे सांगितल्यावर साडूचा आवाज खाली आला.

मग म्हणाला, "इथं दिवाडी बेटावर दांडेकरांच्या यार्डात 'म्हादेई' बांधली. 56 फुटी. तिच्यातूनच दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीला फेरी मारून आले, पहिले भारतीय. इकडे जाणते मिस्त्री आहेत, त्यांनाच विचारतो." मला लागलं. दोंद्यांबद्दल आदर आहे, पण बोल्टाचं माप त्यांनी चाचपून सांगितलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

मिस्त्रींनी क्रेननं बोट वर घेतली, कील सोडवली, दोन्ही तोंडं घासून नवं सीलंट भरलं, खराब बोल्ट बदलले आणि सगळे नट आलटून पालटून मापात आवळले. म्हणजे शब्दशः मी सांगितलं तसंच. बिल साडूला गेलं.

तेव्हा जुनी बोट घेणाऱ्यांनी पाण्यात असताना पान्हा लावू नये. खाऱ्या पाण्यासाठी स्टेनलेसच हवं असेल तर 316 नंबरचं मागावं. दुकानदार 304 पुढे करील. आमच्याकडे 316 ठेवत नाही, जालन्याहून मागवून देऊ. ॲडव्हान्स लागेल.