पथ्य तिचं, पुडी त्याची

लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की अख्खं घर सुनेच्या ताटात डोकावू लागतं. पपई बंद, शतावरी सुरू. मग सोनोग्राफी तिची, थायरॉइड तिचा, गर्भनलिकांची तपासणी तिची. वजन फार वाढलं किंवा फार घटलं तर बीज वेळेवर सुटत नाही, मिश्रीची सवयही बाधते, हे खरंच. पण मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाचाही वाटा असतो म्हटलं, की सासूबाई उसळतात: ‘आमच्या बाळूला काय धाड भरलीय?’

बाळू तेव्हा टपरीवर असतो. राज्यात 2012 साली बंदी आलेला गुटखा त्याला तिथे बिनबोभाट मिळतो. घरी आला की मध्यरात्रीपर्यंत मांडीवर लॅपटॉप. निसर्गाने वृषणं शरीराबाहेर ठेवली ती त्यांना दोन-चार अंश कमी तापमान लागतं म्हणून. बाळू त्यांना शेकत बसतो.

खरी गंमत जिममध्ये. तिथला ‘सर’ दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन टोचतो. बाहेरून एवढा माल आला म्हटल्यावर मेंदू वृषणांना हुकूम धाडणंच थांबवतो. कारखान्याला टाळं. शुक्राणूंची संख्या शून्यावरही येऊ शकते. म्हणजे मर्दानगीसाठी पैसे मोजून घेतलेलं हे संततिनियमन! शासनाला इतकी वर्षं पुरुषांची नसबंदी खपवता आली नाही. जिमवाल्याने ती हप्त्यावर विकली.

बाळूला वाटतं, तपासणीच्या आधी चार दिवस शहाण्यासारखं वागलं की झालं. पण शुक्राणू घडायलाच साधारण सत्तर दिवस लागतात. गटारी अमावस्येपासून दसऱ्यापर्यंत मोजा, तेवढेच भरतात. तेव्हा दसऱ्याच्या नमुन्यात नवरात्राचे उपास दिसत नाहीत, गटारी दिसते.

अखेर बायकोने हट्ट धरला आणि बाळू नमुना देऊन आला. लॅबमध्ये तोंडाला रुमाल, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून तालुका सोडून जिल्ह्याचं ठिकाण. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, ‘तंबाखू, दारू सोडा. इंजेक्शन बंद करू, पण गाडी रुळावर यायला काही महिने लागतील, कधी वर्षही.’

बाळू गंभीर झाला. बराच वेळ विचार करून त्याने विचारलं, ‘डॉक्टर, मग दंड उतरतील का?’